माझ्या वाट्याचं रागावणं

परदेशातून माहेरी जाऊन आलेल्या बाईने काय लिहावं, याची एक रीत पडून गेली आहे. आंबे खाल्ले, आई थकलेली दिसली, गाव ओळखू येईना. माझी आई माझ्यापेक्षा तरतरीत होती, आंबा यंदा कमीच उतरला होता आणि नांदेड मला चांगलं ओळखू आलं. मी तिथे तीन आठवडे होते आणि त्यातले बरेचसे दिवस मी जळण्यात घालवले. ऊन होतंच, पण उन्हाचं मला काही नाही. मी अ‍ॅरिझोनात राहते, तिथलं ऊन नांदेडच्या उन्हाला शिकवील. मी मत्सराबद्दल बोलते आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना कुणी उगाच माझी बाजू घेणार नाही.

अ‍ॅरिझोनातल्या एका सरकारी शाळेत मी गणित शिकवते, त्याला सहा वर्षं झाली; तेवढ्या काळात माहेरी जाणं झालं नव्हतं. शाळेला मे महिन्याच्या शेवटी सुट्टी लागते. यंदा धोंड्याचा महिनाही नेमका तेव्हाच आला, म्हणून मी आणि माझी अकरा वर्षांची तन्वी निघालो. नवऱ्याला, प्रकाशला, रजा मिळाली नाही. हे त्याने मला दुःखी चेहऱ्याने सांगितलं आणि लगेच टीव्ही लावला.

नांदेड

सकाळी अकराला गाडी दारात थांबली. आई फाटकात उभी होती. तिच्या मागे हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन मंगल उभी होती.

मंगल माझी मैत्रीण. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे ती आमच्याच मागच्या गल्लीत लग्न करून आली आणि नर्स झाली. मुदखेडच्या पुढे एका खेड्यातल्या दवाखान्यात तिची नोकरी आहे. नवरा माधव, त्याचा टेम्पो आहे. मुदखेडकडची फुलं तो नांदेडच्या बाजारात आणतो. दोन वर्षांपूर्वी मंगलची आई गेली. वडील आधीच गेले होते आणि तिला भाऊ-बहीण कुणी नाही. तेव्हापासून ती सकाळी कामाला जाताना आणि संध्याकाळी येताना माझ्या आईकडे डोकावते, हे मला फोनवरून माहीत होतं. फोनवर ऐकताना मला ते फार बरं वाटायचं.

"आईचे गुडघे दुखायलेत, मी ओवाळते," असं म्हणून मंगलने माझ्यावरून आणि तन्वीवरून तुकडा ओवाळला, पाणी फिरवलं आणि तुकडा लांब फेकून दिला. इतकी वर्षं आमच्या दारात हे काम आई करत आली आहे. मला पहिला चिमटा तिथेच बसला.

घरात आईने मला पंख्याखाली बसवलं आणि काचेच्या ग्लासात पाणी दिलं. आमच्याकडे काचेचे ग्लास पाहुण्यांना असतात. माझा स्टीलचा पेला, ज्यावर माझं नाव कोरलंय, त्यातून मंगल पीत होती. मी म्हटलं, मी चहा ठेवते. आई म्हणाली, "तू बस माय, दमलीस." तरी उठले. साखरेचा डबा जिथे असायचा तिथे हात घातला, तर तिथे तुरीची डाळ.

"तिकडं न्हाई," मंगल म्हणाली, "वरच्या फळीवर बग. निळं झाकण."

माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण स्वयंपाकघराच्या दारात तीन बायका दिसल्या की त्यांना राहवत नाही. "पुढं सरका, पुढं सरका, आत जागा हाय," ते म्हणाले, आणि मी पुढे सरकले, तर ओट्यापाशी जागा नव्हतीच.

एवढ्यात दूध उतू गेलं. गॅसजवळ मीच होते. आई वळली आणि मंगलवर कडाडली, "मंगले, गॅस बारीक कर म्हणलं व्हतं ना? ध्यान कुटं असतंय तुजं? तीनदा सांगावं लागतंय एक गोष्ट!" मग माझ्याकडे बघून एकदम मऊ आवाजात म्हणाली, "लागलं न्हाई ना तुला? पंखा मोठा करू का?"

माझ्या आईचं रागावणं आमच्या गल्लीत प्रसिद्ध होतं. माझी परीक्षा, माझी वेणी, माझी भाकरी, सगळ्याला त्या रागावण्याचा हात लागलेला आहे. ती ओरडायला लागली की समोरच्या घरातली बाई खिडकी उघडायची, नीट ऐकू यावं म्हणून. आता सहा वर्षांनी मी उतू गेलेल्या दुधाशेजारी उभी होते आणि रागावणं दुसरीला मिळालं. मला ते शब्द ऐकताना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला राग आला.

जेवताना आईने सांगितलं, "येत्या ऐतवारी धोंडे हायेत."

मी म्हटलं, "अगं, प्रकाश कुठे आलाय?"

"तुजे न्हाई. मंगलचे. तिचं हाय कोण करणारं? माधवला अन् तिला मीच बोलावलंय."

अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे आणि तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, हे आमच्याकडे घरोघरी असतं. माझ्या लग्नानंतर पहिल्या अधिकात आईने प्रकाशला एवढे धोंडे खायला लावले, की तो दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेला नाही. तेच आता मंगलला होणार होतं. मोरीशेजारी पातेल्यात अनारशांचे तांदूळ भिजत होते. मी आले त्याच्या आदल्या दिवशीच ते भिजवले होते. माझ्यासाठी नव्हते ते.

मी तोंडाने म्हटलं, "छान केलंस आई." आमच्या शाळेत मुलांच्या प्रत्येक वहीवर असंच काहीतरी लिहावं लागतं, त्यामुळे मला ते पटकन जमतं.

मुदखेड

दोन दिवसांनी मंगल म्हणाली, "चल माझ्यासंगं, दवाखाना दाखवते." तन्वीने माझ्या आधी चपला घातल्या. दोन दिवसांत ती मंगलमावशीची शेपटी झाली होती. मंगलने तिला शेवया वळायला, कुरडईचा गरम चीक दुधात घालून खायला आणि 'का'ऐवजी "कामून" म्हणायला शिकवलं होतं. मी अकरा वर्षं मराठी शिकवते आहे, तर पोरगी मला इंग्रजीत उत्तर देते.

सकाळच्या गाडीने गेलो. मुदखेडला उतरून पुढे रिक्षाने. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक पत्र्याची ओसरी आणि कडुलिंबाचं झाड. बायका लेकरं कडेवर घेऊन झाडाखाली बसल्या होत्या. मंगल आली तशा सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एकीने तिच्या हातात कैऱ्या दिल्या, एकीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि एका म्हातारीने गोळी खाल्ली नाही म्हणून मंगलचं बोलणं खाल्लं आणि ते ऐकून ती बोळक्या तोंडाने हसत बसली.

माझ्या शाळेत मी एखाद्या मुलाला रागावू शकत नाही. आधी त्याच्या तीन चांगल्या गोष्टी सांगायच्या, मग "मला वाटतं" अशी सुरुवात करून एक सूचना द्यायची, मग आईवडिलांना मेल लिहायचा. चांगली पद्धत आहे, मुलं घाबरत नाहीत. पण कुणी माझ्याकडे कैऱ्याही आणत नाही.

म्हातारीने माझ्याकडे बोट केलं. "ही कोण गं?"

"ही आमच्या आईची लेक," मंगल म्हणाली. "अमेरिकेला असती."

तिने सहज म्हटलं होतं. तिच्या मनात काही नव्हतं, हे तेव्हाही कळत होतं. तरी "आमच्या आईची लेक" हे चार दिवस माझ्या कानात राहिलं. म्हणजे आई त्यांची, आणि मी त्या आईची कुणीतरी, लांब राहणारी.

दुपारी लिंबाखाली डबा उघडला. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. पहिल्या घासाला मी थांबले. तीळ किती, ओवा किती, लसूण कच्चा की परतलेला, सगळं आईचं. मी अ‍ॅरिझोनात सहा वर्षं हे धपाटे करते आहे आणि ते दरवेळी धपाट्यांसारखे होतात. मंगलचे धपाटे होते.

"आईनं शिकवले?" मी विचारलं.

"शिकवते कुटं? रागवती. ओवा जास्त झाला, वरडली. कड जाड राहिली, वरडली. वरडून वरडून आले मला."

परतीची गाडी चुकली, कारण तन्वी एका बकरीला सोडायला तयार नव्हती. मग माधवला फोन केला. त्याचा टेम्पो फुलं भरून निघाला होता. मंगल पुढे बसली आणि तन्वीसाठी मी मागे झेंडूच्या गठ्ठ्यांवर बसले. ऊन उतरलं होतं, फुलांचा उग्र वास होता आणि पोरगी रस्ताभर हात वर करून ओरडत होती. मलाही मजा आली, खोटं कशाला बोलू. घरी पोचलो तेव्हा माझा पांढरा कुडता मागून पिवळा झाला होता. आई म्हणाली, "असू दे, मी धुते." लहानपणी याच गोष्टीसाठी तिने मला अंगणात उभं केलं असतं.

लातूर

शैला ही माझी अकरावी-बारावीची, लातूरच्या होस्टेलमधली मैत्रीण. तिने दोन दिवसांसाठी बोलावलं होतं. मी तन्वीला नेणार होते, पण ती म्हणाली, "मी मंगलमावशीकडे राहते, तू जा." मी एकटीच एसटीत बसले.

शैला आता रसायनशास्त्राचे क्लास घेते. लातूरमध्ये क्लास घेणारी बाई रस्त्याने चालली की पोरं सायकलवरून उतरतात. मी तिच्याबरोबर भाजी आणायला गेले, तर एका चौकात चार पोरं वाकली, भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी वर टाकली आणि कुणाच्या तरी वडिलांनी हात जोडून विचारलं, "म्याडम, आमच्याचं होईल ना?" माझ्या वर्गातली मुलं मला "मिस" म्हणतात आणि दुकानात दिसले तर आईच्या मागे लपतात. भाजीची पिशवी धरून मी शैलाच्या मागे चालले. तिचाही मत्सर वाटला. पण हा हलका होता, पाठीवर घामोळं यावं तसा.

सकाळी तिने सुशीला केला, चुरमुऱ्यांचा, वर भरपूर दाणे. आम्ही दोघींनी ताटली संपवेपर्यंत होस्टेलच्या सगळ्या मुलींची लग्नं, नवरे आणि गुडघे यांची उजळणी झाली. मी तिला मंगलचं सांगितलं. वाटलं, ही तरी म्हणेल, "अरेरे."

शैला म्हणाली, "मग तुझं म्हणणं काय? तुझ्या आईनं सहा वर्षं रिकामं बसायचं?"

"तसं नाही गं."

"तसंच हाय. तू खुर्ची सोडून गेलीस, अन् आता म्हणायलीस की तिच्यावर कुणी बसू नका."

मी तिला सांगितलं, की तुझा नळ आला. खरंच आला होता. आठवड्याचा नळ होता, आणि पुढचा तास मैत्री बाजूला ठेवून आम्ही हंडे, बादल्या, टाकी आणि कुकरची भांडीसुद्धा भरली.

त्याच दुपारी शैलाच्या सासूबाई अनारसे तळत होत्या. त्यांचीही लेक येणार होती. पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो विरघळायला लागला. कडा सुटल्या, जाळी पसरली आणि कढईभर त्याचा भुगा झाला.

"हसला," सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "गूळ जास्त झाला. तोळाभर जरी वर गेला तरी हसतोच. कोरडं तांदळाचं पीठ मळावं लागंल."

हे ज्ञान मला अशा रीतीने लातूरला मिळालं. लोक लातूरला जाऊन डॉक्टर होतात.

पुन्हा नांदेड

शनिवारी दुपारी परत आले. त्या वेळी नांदेडमध्ये रस्त्यावर कुत्रंही नसतं. दादा बाहेरच्या खोलीत घोरत होते. आई आणि तन्वी आतल्या खोलीत कुलरसमोर झोपल्या होत्या. तन्वीचा पाय आजीच्या अंगावर होता.

स्वयंपाकघरात ओट्यावर अनारशांच्या पिठाचा डबा होता. तांदूळ तीन दिवस भिजवून, सावलीत सुकवून, कुटून, गूळ घालून त्याचे गोळे आईने मुरायला ठेवले होते. झाकणावर तिने खडूने लिहिलं होतं : मंगल.

माझ्या सगळ्या डब्यांवर आई असं खडूने नाव लिहायची. होस्टेलला जाताना चिवड्यावर सुवर्णा, लाडवांवर सुवर्णा. मी ते अक्षर बघत बसले. मग विळी घेतली, गुळाच्या ढेपेचा मूठभर चुरा काढला आणि गोळे मोडून त्यात मळला. हात धुतले, विळी धुतली, पुसून जागेवर ठेवली. गोळे पुन्हा नीट वळून मी डबा लावून टाकला, आणि जाऊन आईच्या दुसऱ्या बाजूला झोपले. झोपही लागली.

रविवारी सकाळी सातलाच मंगल आली, नवी साडी पिशवीत आणि अंगावर जुनी. स्वतःच्या धोंड्याचं पुरण ती स्वतःच वाटायला बसली. आई म्हणाली, "तू आज लेक हायेस, बस." मंगल म्हणाली, "लेकच वाटते पुरण." मी नारळ फोडत होते. तो तीन फटक्यांत फुटला.

आईने कढई ठेवली, तूप तापवलं, खसखशीवर पहिला अनारसा थापला आणि सोडला. तो हसला. दुसरा थोडा जाड थापला. तोही हसला. तिसऱ्यानंतर आईने झारा खाली ठेवला.

मी मनात सगळी तयारी केली होती. मंगलचं तोंड उतरेल, वाण अडेल, कुणीतरी म्हणेल की परक्या लेकीला असं व्हायचंच. तेवढंच मला हवं होतं. आईचं तोंड कसं होईल, हे मी धरलंच नव्हतं.

ती खाली पाटावर बसली आणि आपल्या हातांकडे बघायला लागली. "चाळीस वर्षं झाली," ती म्हणाली. "एक हसला न्हाई कवा. ह्या हाताला आता अंदाज ऱ्हायला न्हाई. सगळं सोडलं हातानं, ह्ये तेवढं व्हतं."

दादा दारात आले. त्यांनी कढईत बघितलं आणि पुढं सरका म्हणाले नाहीत.

मंगल उठली. डब्यातून चिमूटभर पीठ घेऊन जिभेवर ठेवलं. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. माझी नजर खाली गेली, आणि खाली माझ्या नखांत गुळाची काळी रेघ होती. मी विळी धुतली होती, हात धुतले होते, नखं नव्हती धुतली.

"आई, तुमच्या हाताचं काई न्हाई ते," मंगल म्हणाली. "मीच गूळ घातला. परवा चाखलं, कमी गोड लागलं, म्हणून मूठभर घातला. सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

आणि आई उठली. पाटावरून अशी उठली, जसे गुडघे कधी दुखलेच नाहीत. "मूठभर? मूठभर घातलास? तुला कुनी सांगितलं व्हतं? आगाव कुटली! तीन दिवस तांदूळ भिजवलेत, पानी बदलून बदलून माजी कंबर गेली. विचारायला तोंड नव्हतं? पाच पावलावर ऱ्हाती अन् विचारून जाया न्हाई येत!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. तीच बाई, आता केस पिकलेले.

मंगल मान खाली घालून उभी होती. आईचा आवाज चढत होता, गालांवर रंग आला होता, हात पुन्हा हात झाले होते. आणि मी नारळाची करवंटी धरून उभी होते. लाज वाटत होती, हो, वाटत होती. पण माझी काळजी करणाऱ्या वाचकांना खरं सांगते, लाजेपेक्षा मत्सर मोठा होता. तो गूळ मी घातला होता. मळला मी, लपवला मी, त्यासाठी लातूरपर्यंत जाऊन शिकून आले मी. ते रागावणं माझं होतं. तेसुद्धा हिला?

"आई, मी घातला," मी म्हटलं.

"तू गप. तिची बाजू घेऊ नगंस."

"बाजू नाही घेत. काल दुपारी तुम्ही झोपला होतात तेव्हा घातला. मुद्दाम. डब्यावर मंगलचं नाव बघून." मी नखं पुढे केली.

कढईतल्या तुपाचा बारीक आवाज येत होता. आई माझ्या नखांकडे बघत होती. मला वाटलं, आता ती म्हणेल, असू दे माय, तू बस. ती तसं म्हणाली असती तर मी त्याच दिवशी परतीचं तिकीट काढलं असतं.

"सुवर्णे," आई म्हणाली.

सहा वर्षांत मला कुणी सुवर्णे म्हटलं नव्हतं.

"सुवर्णे, लाज न्हाई वाटली? चाळिशी उलटली, घोडी झालीस, पोरगी गळ्याशी आली, अन् दुसरीच्या ताटातल्या घासावर डोळा? तिला माय हाय का? तुजी माय जिती हाय, खुटखुटीत हाय, तरी तुजं पोट भरंना? ह्येच शिकवतीस का तिकडल्या लेकरायला? तिथं कुनी तुला काई म्हणत न्हाई म्हणून माजलीस! बघतीस काय माज्याकडं? त्या मागल्या डब्यात कोरडं पीठ काढून ठेवलंय, ते घे अन् मळ. तेहेतीसच्या तेहेतीस तू तळायचे. एक जरी करपला तर बघ. अन् आदी ती नखं काप, शिंदळीचे!"

तन्वी दारात उभी होती, डोळे मोठे करून. "मम्मी," ती म्हणाली, अस्सल मराठीत, "आजी तुला कामून रागावली?"

"मी चुकले म्हणून," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. त्या अवस्थेत मी नेलकटर शोधत होते, आणि ते बरोबर जुन्या जागी, देवळीत, उदबत्तीच्या पुड्यामागे सापडलं.

कोरडं पीठ मळल्यावर अनारसे सुधारले. नांदेडच्या उन्हात, कढईसमोर, आई मागे पाटावर बसलेली. "बारीक कर. तूप उडव वरून. पलटू नगंस, कवा पलटत असतंय का कुनी अनारसा? तिकडं पलटतात का?" तेहेतीस मोजून मी उठले तेव्हा पाठीचा कणा विरघळला होता. एक करपला होता, तो मी खाऊन टाकला.

बारा वाजता माधव आला. दादांनी त्याच्या पायांवर पाणी घातलं. मी दोघांना वाढलं : धोंडे, वर तूप, कटाची आमटी, भजी, कुरडया. आईने मंगलची ओटी भरली, अनारशांचं ताट तिच्या हातात दिलं. मंगलने ताट घेतलं आणि रडली. तिच्या आईचं नाव कुणीच घेतलं नाही.

मी तिला आणखी एक धोंडा वाढायला वाकले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "पीठ जिभेवर ठेवलं तवाच कळलं व्हतं मला. तू आल्यापसून बघायलीस माज्याकडं, जशी मी तुजी पाटी घेतली."

"माफ कर," मी म्हटलं. "आणि माझ्यासाठी खोटं बोललीस, ते..."

"तुज्यासाठी?" मंगलने धोंडा मोडला. "सुवर्णा, मला तरी आता कोण रागावतंय? आई वरडली की मी घरी जाऊन माधवला सांगते, आज मला आई वरडली. आज तर लई मोठं मिळालं व्हतं. खिडकी बी उघडली व्हती." तिने घास तोंडात घातला, चावला, गिळला. "तेवढं एक फुकट मिळालेलं, ते बी घेतलंस तू."

ती हसत नव्हती. मी तिच्या ताटात तूप वाढलं, आणि मग आणखी वाढलं, कारण दुसरं काय करावं ते मला कळेना.

अ‍ॅरिझोना

निघायच्या दिवशी मंगलने पुन्हा माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळला. आता मी तिच्याकडे बघत उभी राहिले. आई म्हणाली, "नीट फिरव की, मंगले, डोळ्यात जाईल तिच्या." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अन् तू मान खाली घाल, ताठ उभी ऱ्हाती कशी." दोघींना एकाच वेळी मिळालं. गाडीत बसताना तिने एक डबा माझ्या मांडीवर आदळला. "ते हसलेले टाकून द्यायचे का? तांदूळ काय फुकट येतेत? तूच नासवलेस, तूच खा."

इथे येऊन आता दहा दिवस झाले. डब्यात अनारशांचा भुगा आहे, फार गोड, दाताला चिकटणारा. झाकणावर खडूने लिहिलंय : सुवर्णा. मी रोज दुपारी चमच्याने थोडा खाते आणि झाकण लावताना खडूला बोट लागणार नाही याची काळजी घेते. काल प्रकाशने विचारलं, काय खातेस एकटीच, मला दे ना एक घास. मी नाही दिला.